चालू हृदयावरची बायपास आणि नंतरचं वर्ष

बायपास झाली म्हटलं की आजकाल लोक लगेच विचारतात, "बीटिंग हार्ट होती का?" हो म्हटलं की समोरच्याचा चेहरा सैलावतो. "मग बरं झालं, म्हणजे फार मोठं ऑपरेशन नव्हतं." हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं. हृदय चालू ठेवून बायपास केली तरी छातीचं हाड वरपासून खालपर्यंत उभं कापावंच लागतं. भूल तीच, व्हेंटिलेटर तोच, आयसीयू तोच आणि हाड जुळून यायला लागणारा काळही तोच. बदलतं ते एवढंच, की हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवायचं, की हृदयाला त्याचं काम करू देत त्याच्यावरच टाके घालायचे. या एका फरकानं पेशंटच्या पदरात काय पडतं आणि काय पडत नाही, ते मी अंगावर घेतलंय.

मी साताऱ्याची. वय 64, बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त, मधुमेह जुना. रोज सकाळी चार भिंतीपर्यंत, म्हणजे गावाजवळच्या टेकडीवरच्या जागेपर्यंत, चालत जायचा आमचा दोघांचा शिरस्ता. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता चढावर माझा खालचा जबडा आवळल्यासारखा व्हायला लागला. छातीत कळ नाही, हाताला मुंग्या नाहीत. जबडा आवळायचा, धाप लागायची आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत उतरायचं. मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, दात ठीक आहेत म्हणाले आणि चढावरच होतं हे ऐकताच ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या म्हणून बजावलं. बायकांमध्ये, त्यातून मधुमेह असलेल्या बायकांमध्ये, हृदयाचं दुखणं असं आडवाटेनं येऊ शकतं, हे त्या डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. मी त्यांची कायमची ऋणी आहे.

स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली. लेक पुण्यात असते, म्हणून अँजिओग्राफी पुण्यात केली. तिन्ही धमन्यांत अडथळे निघाले आणि हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य धमनी, जिला सगळे एलएडी म्हणतात, तिच्या तोंडाशीच 90 टक्के. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच: स्टेंट टाकून घ्या आणि मोकळ्या व्हा. कार्डिओलॉजिस्टनं मात्र बसवून समजावलं. मधुमेह आणि एकापेक्षा जास्त धमन्यांत अडथळे अशा 1900 लोकांवर 'फ्रीडम' नावाची चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2012 साली आले. 5 वर्षांत स्टेंटवाल्यांमध्ये मृत्यू 16.3 टक्के, बायपासवाल्यांमध्ये 10.9 टक्के. पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त, 5.2 टक्के विरुद्ध 2.4. तो दुसरा आकडा त्यांनी मी न विचारता सांगितला, म्हणून पहिल्यावर माझा विश्वास बसला. पक्षाघाताची ती भीतीच पुढे माझ्या बाबतीत सगळ्या निर्णयाच्या मुळाशी आली.

ज्या सर्जनकडे आधी गेलो ते बहुतेक बायपास हृदय थांबवून करणारे. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "काकू, माझा हात थांबलेल्या हृदयावर बसलाय. तिथे मला रक्त नाही, हालचाल नाही, निवांत टाके घालता येतात. निकालही चांगले आहेत." पण ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत छातीचा सीटी केला तेव्हा माझ्या महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, भिंतीत ठिकठिकाणी कॅल्शियम साचलेलं दिसलं. हार्ट-लंग मशीन, म्हणजे थांबवलेल्या हृदयाऐवजी रक्त फिरवणारं यंत्र, लावायचं तर त्याच महाधमनीत नळी घालायची आणि तिला चिमटा लावायचा. तिथला एखादा कण सुटून वर मेंदूकडे गेला की झाला पक्षाघात. त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरून ते पांढरे डाग ह्यांना आणि मला दाखवले आणि चालू हृदयावर रोजच्या रोज काम करणाऱ्या दुसऱ्या सर्जनकडे स्वतः फोन करून पाठवलं. एका डॉक्टरनं आपला पेशंट असा दुसऱ्याच्या हाती देणं ही मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या सर्जननी एका कागदाच्या मागे हृदय काढून मला सगळं सांगितलं. ही पद्धत नवी नाही. 1964 साली लेनिनग्राडमध्ये कोलेसोव्ह यांनी छातीतली धमनी चालू हृदयावर जोडली होती, यंत्राशिवाय. 1967 मध्ये क्लीव्हलँडला फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास सुरू केली आणि पुढची काही दशकं हृदय थांबवून काम करायची रीतच जगभर रुळली. चालू हृदयावरचं काम 80च्या दशकात ब्राझील आणि अर्जेंटिनातल्या सर्जननी पुन्हा उचलून धरलं. ते खरं हातात आलं ते 90च्या दशकात, नेदरलँड्समध्ये उट्रेक्टला 'ऑक्टोपस' नावाचं उपकरण तयार झालं तेव्हा. शिलाई मशीनच्या सुईखाली कापड दाबून धरणारा दोन बोटांचा पाय असतो ना, तसाच हा. त्याच्या दोन्ही बोटांना खाली बारीक पेले असतात, ते हवेच्या ओढीनं हृदयाच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि त्या दोन बोटांमधला धमनीचा तेवढा तुकडा स्थिर राहतो. बाकीचं हृदय चालूच. धमनी दीड-दोन मिलिमीटरची. तिला चीर द्यायची, आतून रक्त वाहतं राहावं म्हणून इवलीशी नळी सरकवायची, वरचं रक्त कार्बन डायऑक्साइडच्या फुंकरीनं बाजूला सारायचं आणि केसाहून बारीक दोऱ्यानं टाके घालायचे. हृदयाच्या मागच्या बाजूला पोचायचं तर टेबल तिरकं करून हृदय हळूच उचलावं लागतं. त्या वेळी रक्तदाब पडू शकतो, आणि तेव्हा भूलतज्ज्ञाचा कस लागतो.

यात एक बारकावा आहे आणि तो बऱ्याच जणांना कुणी सांगत नाही. हृदय चालू ठेवलं पण पायाच्या शिरेचं एक टोक महाधमनीलाच जोडलं, तर तिला अर्धा चिमटा लावावाच लागतो, म्हणजे माझ्यासारखीचा धोका पुरता टळत नाही. म्हणून त्यांनी महाधमनीला हातच लावायचा नाही असं ठरवलं. छातीच्या आतली डावी धमनी एलएडीला जोडायची, आणि डाव्या हातातली धमनी काढून तिच्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी बसवून पुढे बाकीच्या दोन धमन्यांपर्यंत न्यायची. छातीतल्या दोन्ही धमन्या का नाही घ्यायच्या, हे मी विचारलं. मधुमेह, वजन आणि बाईची छाती, या तिन्हींमुळे हाडाला रक्त कमी पडून जंतुसंसर्गाची भीती वाढते, असं उत्तर मिळालं.

कर्ज विभागात आयुष्य गेलं, त्यामुळे कागद वाचल्याखेरीज मी सही करत नाही. निकालांचे आकडे मी मागितले आणि लेकीनं मूळ निबंध काढून वाचून दाखवले. त्यातलं मला जे कळलं ते असं. 'कॉरोनरी' नावाच्या चाचणीत 19 देशांतले 4752 पेशंट होते, भारतातलेही. 2012 साली तिचे 30 दिवसांचे निकाल आले. मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक किंवा डायलिसिस लागेल इतकी मूत्रपिंडाची हानी, यांपैकी काहीतरी चालू हृदयवाल्यांत 9.8 टक्क्यांना झालं, थांबवलेल्यांत 10.3. म्हणजे सारखंच. 5 वर्षांनी, पुन्हा करावी लागलेली बायपास किंवा स्टेंटही मोजून, 23.1 आणि 23.6. तेही सारखंच. मेंदूच्या कामातही पुढे म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, म्हणजे यंत्रावर घातलं की माणूस विसराळू होतो हे जे सर्रास सांगतात त्याला तिथे आधार मिळत नाही. फायदा दिसला तो रक्त कमी चढवावं लागण्यात (50.7 टक्के विरुद्ध 63.3), रक्तस्रावासाठी पुन्हा छाती उघडायची वेळ कमी येण्यात आणि श्वसनाचा व मूत्रपिंडाचा त्रास कमी होण्यात. तोटा असा की पहिल्या महिन्यातच पुन्हा धमनी उघडावी लागणारे जरा जास्त, 0.7 विरुद्ध 0.2 टक्के.

दुसरी चाचणी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली, 'रूबी', 2203 पेशंटची. तिनं मला रात्रभर जागवलं. वर्षभरानंतर उघडे राहिलेले ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून जोडलेल्या रक्तवाहिन्या, चालू हृदयात 82.6 टक्के आणि थांबवलेल्यात 87.8. 5 वर्षांनी मृत्यू 15.2 विरुद्ध 11.9. मग चालू हृदय घ्यायचंच कशाला? हे मी सर्जनना तसंच विचारलं. त्यांनी ते आकडे नाकारले नाहीत. म्हणाले, त्या चाचणीत सर्जनचा या पद्धतीतला किमान अनुभव 20 ऑपरेशनांचा धरला होता आणि बरंच काम शिकाऊ डॉक्टरांच्या हातचं होतं. 12 टक्क्यांहून जास्त पेशंटना मध्येच यंत्रावर घ्यावं लागलं. 'कॉरोनरी'मध्ये 100हून जास्त ऑपरेशनं केलेलेच सर्जन घेतले होते. "हे काम हाताचं आहे, काकू. रोज करणाऱ्याच्या हातात ते सुरक्षित आहे, कधीमधी करणाऱ्याच्या हातात नाही." मला हे पटलं, आणि आजही मी कुणालाही पहिला प्रश्न हाच विचारायला सांगते: तुम्ही हे किती करता, आणि मध्येच यंत्रावर किती जणांना घ्यावं लागतं?

माझी स्वतःची एक खंत इथे नोंदवते. त्या अमेरिकन चाचणीतले पेशंट जवळजवळ सगळे पुरुष होते, आणि 'कॉरोनरी'तही बायकांचं प्रमाण जेमतेम पाचात एक. आमच्या धमन्या बारीक, आम्ही दवाखान्यात पोचतो उशिरा, बायपासनंतर आमचे निकाल पुरुषांपेक्षा डावे असतात हे सगळे डॉक्टर जाणतात. मग आम्हाला मोजायचं कधी? मी ज्या आकड्यांवर भरवसा ठेवून सही केली ते मुख्यतः दुसऱ्यांच्या शरीरांचे होते.

संमतीपत्रावर दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या: ऑपरेशन चालू हृदयावर होईल, आणि गरज पडली तर त्याच क्षणी यंत्रावर घेतलं जाईल. यंत्र आणि ते चालवणारा परफ्यूजनिस्ट पूर्ण वेळ तयार उभे असतात. घाईघाईत यंत्रावर घ्यावं लागलं तर धोका चांगलाच वाढतो, हेही तोंडी सांगितलं. तुमचा एकंदर जिवाचा धोका दीड-दोन टक्के धरा, म्हणाले. ह्यांचा हात थरथरत होता, पण साक्षीदाराची सही त्यांनी केली.

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही. आठवतं ते त्यानंतरचं. घशात नळी, हात पट्ट्यांनी बांधलेले आणि कानाशी सिस्टरचा आवाज, "आजी, डोळे उघडा, माझा हात दाबा." दाबला. पायाची बोटं हलवायला सांगितली, हलवली. दोन्ही बाजूंची हलताहेत हे कळलं तेव्हा त्या नळीसकट मला रडू आलं. तहान अशी की शब्द नाहीत. नळी काढल्यावर सिस्टरनं ओला गॉज ओठांवरून फिरवला, त्याची चव मला अजून येते. रक्ताची एकच पिशवी लागली. यंत्रावर घ्यावं लागलं नव्हतं, आणि सर्जननी प्रत्येक ग्राफ्टमधलं रक्त प्रोबनं मोजून तो प्रवाह नोंदवला होता. ऑपरेशन नोट्सची प्रत मी मागून घेतली. ती सगळ्यांनी मागावी. पुढे कधी दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरकडे जायची पाळी आली तर कुठली धमनी कुठे जोडलीय हे त्या एका कागदावरून कळतं.

मग खोकला. खोकल्याशिवाय फुप्फुसातला कफ सुटत नाही आणि खोकलं की छाती उसवतेय असं वाटतं. उशी छातीशी घट्ट धरून खोकायला शिकवतात, आणि ती उशी मी पुढे कितीतरी आठवडे सोडली नाही. श्वास ओढून चेंडू वर उचलायच्या तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये आधी एकच चेंडू हलायचा. ड्रेनच्या नळ्या ओढून काढतात तो क्षण सगळ्यात वाईट, पण क्षणच.

पुढच्या एका रात्री हृदयाचा ताल सुटला. मॉनिटर ओरडायला लागला आणि मला गळ्यात वेड्यावाकड्या उड्या जाणवायला लागल्या. एट्रियल फिब्रिलेशन. बायपासनंतर चार-पाच जणांमागे एकाला तरी हे होतं, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, आणि हृदय चालू ठेवलं म्हणून त्यातून सुटका होते असं नाही. ताल सावरणारं अमिओडॅरोन सलाइनमधून सुरू केलं, पोटॅशियम भरून काढलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ताल परत आला. हे होऊ शकतं असं आधी सांगितलेलं होतं म्हणून मी धीर धरला. नाहीतर त्या रात्री मी संपलेच असं समजले असते.

घरी आल्यानंतरचा काळ लांब. हाड जुळेपर्यंत, साधारण तीन महिने, कुकर उचलायचा नाही, बादली नाही, पोळ्या लाटायच्या नाहीत, खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठायचं नाही, उताणंच झोपायचं, गाडीत मागच्या सीटवर बसायचं. जावेनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मला ओट्याशी फिरकू दिलं नाही.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती मला फिजिओथेरपिस्ट मुलीनं दाराशी थांबून हळूच सांगितली, डॉक्टरांच्या यादीत ती नव्हती. स्तनांचा भार दोन्हीकडून जखमेला ओढतो. त्यामुळे पुढून उघडणारी, मऊ, बिनतारेची, रुंद पट्ट्यांची ब्रा रात्रंदिवस वापरायची. सुरुवातीला सैल सुती ब्लाउजनंच चालवून घेत होते, तेव्हा जखमेचं खालचं टोक सारखं ओलसर राहायचं. आधार मिळाल्यावर ते सुकलं. मधुमेहात ही जखम चिघळली तर केवढा प्रसंग ओढवतो ते माहीत असूनही हे लाजेखातर बोललं जात नाही. ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येक बाईनं ती ब्रा बॅगेत भरूनच दवाखान्यात जावं.

डावी छाती बधिर झाली होती. आतली धमनी काढताना तिथल्या बारीक नसा दुखावतात. बधिरपणाच्या कडेला मात्र पदराचा नुसता स्पर्शही आग आग करायचा. हातातली धमनी काढली तिथून अंगठ्याच्या मागच्या बाजूला असाच बधिरपणा. सुईत दोरा ओवताना अंगठ्याला दोरा कळत नाही, बघूनच ओवावा लागतो. छातीचं बरंच ओसरलं, अंगठ्याचं थोडं उरलंय.

आणि मन. संध्याकाळ झाली की कारण नसताना भरून यायचं. ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून घरचे आनंदात, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. बायपासनंतर अशी उदासी पुष्कळांना येते. कार्डिओलॉजिस्टनी ते हसण्यावारी नेलं नाही, समुपदेशकाकडे पाठवलं, आणि चालणं हळूहळू वाढवत नेण्याचा कार्यक्रम रिहॅबमध्ये आखून दिला. त्या दोन्हींनी मी उठले.

आता वर्ष उलटलंय. चढावर जबडा आवळत नाही. एकोमध्ये हृदयाचं आकुंचन नॉर्मल आहे, स्ट्रेस टेस्ट निगेटिव्ह आली. ग्राफ्ट उघडे आहेत असं माझ्या कागदांवर अजून कुणी लिहिलेलं नाही, कारण त्यासाठी सीटी अँजिओ लागते आणि त्रास नसताना डॉक्टर ती करत नाहीत. छातीतली धमनी एलएडीला जोडलेली असेल तर 10 वर्षांनीही दहातल्या नऊ उघड्या असतात. पायाच्या शिरा तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडलेल्या असतात. म्हणून मला यंत्रापेक्षाही ही धमनी महत्त्वाची वाटते. हातातली धमनी आकसू नये म्हणून सुरुवातीचे महिने वेगळी गोळी होती, ॲस्पिरिनबरोबर रक्ताची गुठळी होऊ न देणारं क्लोपिडोग्रेल वर्षभर होतं. आता ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीटा ब्लॉकर आणि मधुमेहाची औषधं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 55च्या खाली हवंय, मागच्या वेळी 61 आलं, म्हणून स्टॅटिनला एझेटिमाइब या कोलेस्टेरॉलच्याच दुसऱ्या गोळीची जोड दिलीय. पुढचा रिपोर्ट दिवाळीनंतर.